सात आणि पंधरा नंबरचे माइक

शरयूताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरातली पहाट बंद पडली. तोवर मला घड्याळ बघून उठायची सवयच नव्हती. जबलपूरच्या गढा भागात, एका गल्लीत आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या, मागे पत्र्याखालचं स्वयंपाकघर, आणि खाली पिठाची चक्की. चक्की आठला सुरू व्हायची आणि एकदा सुरू झाली की जमीन, भांडी, आपले दात, सगळंच बारीक थरथरत राहायचं. म्हणून ताई साडेपाचलाच तंबोरा घेऊन बसायची. आधी खालचा षड्ज, कितीतरी वेळ तेवढाच, मग सावकाश एकेक स्वर वर. मी पांघरुणात डोकं खुपसून ते ऐकायची आणि वैतागायची. हे आज सांगून टाकते, कारण या वयात स्वतःबद्दल गोड गोड लिहून मला काही मिळवायचं नाही. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी होती आणि घर तिच्या गळ्याभोवती फिरायचं. तिला चालत नाही म्हणून थंडीत दही बंद, लोणचं फळीवर, रेडिओ लावायचा तर हळू आणि तोही ती घरात नसताना. बाबा तोफांच्या कारखान्यात कारकून होते. नव्या माणसाला ते आपली ओळख "मी शरयूचा बाप" अशी करून द्यायचे. कुंदाचा बाप म्हणून त्यांनी कधी ओळख करून दिल्याचं मला आठवत नाही.

ऑपरेशनमध्ये चूक कोणाचीच नव्हती. गाठ मोठी होती, आवाजाची नस तिला लगटून जात होती, आणि डॉक्टरांनी ते बाबांना आधीच कागदावर काढून दाखवलं होतं. पट्टी निघाल्यावर ताईनं पाणी मागितलं तेव्हा जो आवाज आला तो घोगरा, मधेच फाटणारा होता. आई पाणी द्यायला म्हणून वळली ती स्वयंपाकघरातच बराच वेळ राहिली. महिनाभर ताई बोललीच नाही. जेवताना काही हवं असलं की वाटीनं ताटाच्या कडेवर दोनदा टिचकी मारायची, की आई गोळाभात आणखी थोडा कालवून, वर तेल सोडून तिच्यापुढे सरकवायची. तंबोऱ्यावर जुन्या धोतराची खोळ चढली. शाळेत ती गाणं शिकवायची, तिथून तिला ऑफिसात हजेरीपटावर बसवलं. आणि मी? मला सुटल्यासारखं वाटलं. एका दुपारी मी रेडिओ मोठ्यानं लावला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ताई आतल्या खोलीत होती. तिनं उठून दार लोटलं आणि आतून कडी घातली. मी रेडिओ बंद केला, पण कडी उघडली नाही.

ताईच्या गुरू म्हणजे घारेबाई. आमच्याच गढ्यात, तलावाकडच्या बाजूला, दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. सत्तरी उलटलेली, बारीक चण, दम्यानं छातीचा भाता झालेला. ताई अकरा वर्षं त्यांच्याकडे शिकली. बाईंजवळ त्यांच्या गुरूंकडून आलेल्या काही बंदिशी होत्या, खट नावाच्या सकाळच्या रागातल्या; त्या त्यांनी कधी वहीत उतरू दिल्या नाहीत. दुसऱ्या कोणाला त्या पूर्ण दिल्याही नाहीत, फक्त ताईला. बाईंच्या मते बंदिश एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जायची असते, मधे कागद आला की ती वाळते. आता तो दुसरा गळाच उरला नव्हता. ऑपरेशननंतर ताईनं बाईंकडे जाणं सोडलं, तेव्हा चार महिने वाट बघून बाई स्वतः आमच्याकडे आल्या. जिना चढून आल्यावर त्यांना बोलता येईपर्यंत आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्या ताईला म्हणाल्या, "गळा गेला तुझा. कान कुठे गेले? गुरुवारपासून येत जा अन् ऐकत बस." ताई गुरुवारी गेली. नव्या मुली चुकायच्या तिथे ती नुसती मान हलवायची, आणि बाई तेवढ्यावरून मुलीला थांबवायच्या.

त्या हिवाळ्यात बाईंचा दमा वाढला. गाणाऱ्या-ऐकणाऱ्या मराठी घरांचं आमच्याकडे एक छोटं मंडळ होतं. सिव्हिल लाइन्समधले देशकर वकील त्याचं सगळं बघायचे. त्यांनी बाईंना एक बैठक करायची विनंती केली, आणि आजवर टाळत आलेल्या बाई या वेळी हो म्हणाल्या. शेवटची आहे, असं कोणी म्हटलं नाही, पण सगळ्यांना ते कळलं होतं. ताईला मात्र त्या बैठकीची कॅसेट हवी होती. बाईंनी आयुष्यात ध्वनिमुद्रण होऊ दिलं नव्हतं. ताई त्यांच्यापुढे बसली, मी दाराशी होते, आणि ताई त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "बाई, तुम्ही मला दिलं ते मी कोणाला अन् कसं देऊ?" बाई कितीतरी वेळ लसूण सोलत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तोंडासमोर काही ठेवायचं नाही. ते दिसलं की मी त्याच्यासाठीच गाऊन राहते. बाकी तुला काय करायचं ते कर."

म्हणजे परवानगी मिळाली, पण एकाच बैठकीची. चुकलं तर पुन्हा नाही. आणि माइक बाईंपासून लांब, त्यांच्या नजरेत न येणारा. नागपूरच्या मामांनी त्यांचा कॅसेट डेक पाठवला. जड, पुढे दोन सुया हलणारा, दोन माइक लावायची सोय असलेला. माइक मात्र नव्हते. ताईला दोनच हवे होते, आणि ते का हे तिनं मला एकदा समजावलं. एका माइकनं घेतलं की तंबोरे, तबला, आवाज सगळं एकावर एक रचलं जातं. शिकणाऱ्याला त्यातून बाईंचा स्वर सोडवून घेता येत नाही. दोन कानांनी ऐकलं तर कोण कुठे बसलंय ते कळतं, आणि कळलं की आपलं मन बाकीचं बाजूला सारून पाहिजे तिथे जाऊन बसतं. तिला ऐकणाऱ्यांसाठी कॅसेट नको होती, शिकणाऱ्यासाठी हवी होती. ती शिकणारी कोण, हे तेव्हा तिला माहीत नव्हतं.

देशकर वकिलांकडे एक माइक होताच. त्यांच्या पुतण्यानं आखातातून आणलेला, चांदीच्या रंगाचा, एकाच दांड्यात दोन्ही बाजूंचे माइक बसवलेला. त्यांनी तो मखमली डबीतून काढून ताईच्या हातात दिला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरंच प्रेम होतं. आम्ही तो घरी आणून तंबोऱ्यासमोर लावला. त्या दिवशी ताईनं खोळ काढली. आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि परत गेली. ताईनं तंबोरा लावला, माझ्या हातात दिला आणि हेडफोन घालून आतल्या खोलीत, माझ्याकडे पाठ करून बसली. थोड्या वेळानं तिनं हात वर केला. त्या माइकमध्ये खर्जाची तार जवळजवळ नव्हतीच. पातळ, पत्र्यावर वाजवल्यासारखी. आणि आतले दोन माइक एकमेकांना इतके चिकटून होते की डावं-उजवं काही कळतच नव्हतं. मग मी लाउडस्पीकरवाल्याकडून लग्नात भाषणाला लावतात ते दोन आणले. ते तोंडाला लावून बोला तर छान, सहा फुटांवर ठेवले की आवाज इतका कमी यायचा की डेकचं बटन शेवटपर्यंत फिरवावं लागायचं, आणि मग गाण्याच्या मागे सतत पाऊस पडल्यासारखा आवाज. बाईंचा सगळा जीव हळू गाण्यात होता. त्या पावसात तो बुडाला असता. चांगले माइक दिल्ली-मुंबईला मिळायचे. त्यांच्या किमती ऐकून बाबांनी मान खाली घातली आणि ताईनं विषय बदलला.

मार्ग दाखवला पिल्लैजींनी. ते फौजेतल्या सिग्नलमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे दक्षिणेकडचे, आता गढ्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि टेबलाच्या खणातून बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी काढली. लहान टेपरेकॉर्डरच्या आत हाच माइक असतो, म्हणाले. दिल्लीच्या बाजारात डझनावारी मिळतो, अगदी स्वस्त. लांबूनही ऐकतो, खर्जही सोडत नाही, फक्त पेन्सिल सेल लावावा लागतो. अडचण एकच, की एकाच लॉटमधले दोन सारखे निघतीलच असं नाही. कोणी जास्त सूंसूं करतो, कोणी वरचे स्वर खातो. "बीस मँगा लो," ते म्हणाले, "उनमें दो भाई मिल जाएँगे।"

पार्सल आलं आणि माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले पंधरा दिवस सुरू झाले. झाळ द्यायला, म्हणजे तारा कथिलानं सांधायला, पिल्लैजींनी मला शिकवलं. ताईचे हात थरथरायचे म्हणून ते काम माझ्याकडे आलं. राळेचा तो कडवट गोड धूर, कथिलाचा थेंब पसरायच्या आधी क्षणभर चमकतो ते, आणि पिल्लैजींचं "टाँका सूखने दो, हिलाना नहीं", हे सगळं मला आजही इथे बसून आठवतं. पुढे मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं होतं की या कामाची आवड कशी लागली, तेव्हा मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. खरं उत्तर त्या दुकानातल्या स्टुलावर होतं.

विसाच्या विसांना आम्ही तारा जोडल्या आणि डॉक्टरी चिकटपट्टीवर नंबर लिहून चिकटवले. पिल्लैजींनी मीटरवर सगळे तपासले, वहीत आकडे मांडले आणि सांगितलं की सात आणि बारा हे जुळे आहेत. ताईनं वही बाजूला ठेवली. चक्की बंद असायची त्या वेळी, म्हणजे दुपारी दीड ते तीन, मी तंबोरा छेडत बसायची, एकेक माइक लावायची, आणि ताई आतून नंबर न बघता बोटांनी खूण करायची. ठेवायचा की बाजूला. कारखान्याची चाचणी चालू असली की मधेच लांबून तोफेचा धप्प आवाज यायचा, तावदानं वाजायची, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. आई डब्यात मुगाच्या डाळीचे मंगोडे झाकून ठेवायची, ते थंड व्हायचे. चार दिवसांनी ताईनं दोन निवडले. सात आणि पंधरा. पिल्लैजी घरी आले होते; त्यांना हे पटेना. मशीन खोटं बोलत नाही, म्हणाले. ताईनं त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवला आणि मला सात-बाराची जोडी लावायला सांगितली. मी खर्जाची तार छेडली, मग वरची, जोडाची. मग सात-पंधरा लावून तेच. पिल्लैजींनी मला पुन्हा छेडायला लावलं, तीनदा. सात-बारावर खर्जाची तार बरोबर मध्यभागी ऐकू यायची, पण वरची तार छेडली की ती हळूच डावीकडे सरकायची. सात-पंधरावर तंबोरा जिथल्या तिथे राहायचा. मीटर एकाच स्वरावर बघत होता, ताईनं सगळे बघितले होते. पिल्लैजींनी हेडफोन काढला, बारा नंबर आपल्या खिशात टाकला आणि ताईला म्हणाले, "आपका कान गया नहीं, मैडम।" ताई खिडकीतून बाहेर बघत राहिली.

आपला माइक नको म्हटल्याची गोष्ट देशकर वकिलांना लागली. सायकलच्या पंपाची नळी कापून तिच्यात बसवलेले ते दोन तुकडे, बांबूच्या कामटीवर वीतभर अंतरानं, जरा बाहेरच्या बाजूला तोंड करून बांधलेले. बैठक त्यांच्याच दिवाणखान्यात होणार होती, तिथे ते म्हणजे अपमानच होता. ते ताईवर रागावले नाहीत, बाबांशी बोलले. बैठक एकदाच होणार आहे, म्हणाले, तुमची मुलगी दुःखात आहे हे मी समजतो, पण तिच्या दुःखापायी बाईंचं गाणं हातचं जायला नको. बाबांनी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. डेकला दोनच माइक लागत होते, म्हणजे एक तर हे नाही तर ते. मला वाटलं, ताई मागे हटेल. ती बाबांना म्हणाली की चुकलं तर माझं नाव घ्या, सगळ्यांसमोर घ्या, पण माइक हेच लागतील. मग बाबा स्वतः कपडे करून सायकलवर सिव्हिल लाइन्सला गेले. तिथे काय बोलणं झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. परत येऊन त्यांनी एवढंच सांगितलं की वकीलसाहेब जाड सतरंज्या देतील, दिवाणखाना घुमतो म्हणून.

बैठक रविवारी सकाळी ठेवली होती, कारण रविवारी तोफांची चाचणी नसते. माघ संपत आला होता. पंखा लावायची गरज नव्हती, हे ताईनं आधीच बघून ठेवलं होतं. बाईंच्या समोर सहा-सात फुटांवर, त्यांच्या डोक्याच्या वर, कपडे वाळत घालायच्या काठीला ती कामटी बांधली आणि काठी कुंडीतल्या पामच्या मागे उभी केली. बाईंना ती दिसली नाही, किंवा दिसूनही त्यांनी दिसल्याचं दाखवलं नाही. डेक डाव्या कोपऱ्यात. तिथे ताई हेडफोन लावून आणि तिच्याशेजारी मी, सुयांवर डोळे ठेवून. चाळीस-पन्नास माणसं असतील. बाईंनी डोळे मिटले, एकदा खोकल्या, पदरानं तोंड पुसलं आणि षड्ज लावला. मी गाण्यातली नाही, त्यामुळे त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगते की सुया कशाबशा हलत होत्या आणि ताईच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं, ते तिचा आवाज गेल्यापासून बघितलं नव्हतं. तिला सगळं ऐकू येत होतं.

पहिली बंदिश झाली, दुसरी झाली. तिसरी ती खास गुरूंची. स्थायी बाईंनी दोनदा फिरून घेतली, पण श्वास पुरेना. दोन शब्दांमधे छाती वरखाली व्हायला लागली. अंतऱ्याच्या तोंडाशी त्या आल्या आणि थांबल्या. तबलजींनी ठेका चालू ठेवला. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या. बाईंनी डोळे उघडले, आणि सबंध दिवाणखाना ओलांडून आमच्या कोपऱ्याकडे बघत, स्वयंपाकघरात विचारावं इतक्या साधेपणानं म्हणाल्या, "शरयू, पुढे काय गं?"

ताईनं हेडफोन काढला. मला वाटलं ती शब्द सांगेल, तेवढंच पुरेसं होतं. पण तो अंतरा वरच्या षड्जाकडे ज्या वळणानं जातो ते वळण शब्दांत नव्हतं, आणि बाईंना तेच आठवत नव्हतं हे तिच्याइतकं कोणाला कळणार? ती गायली. एक ओळ. आवाज पहिल्या दोन स्वरांवर टिकला, तिसऱ्यावर फाटला, वरच्या षड्जापर्यंत तर तो पोचलाच नाही. नुसता वारा गेला आणि त्या वाऱ्याची दिशा तेवढी बरोबर होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही. सुयांकडे बघितलं, तर डावी सुई तिच्या आवाजाबरोबर उचलली गेली होती. बाईंनी मान डोलावली, "हं" म्हटलं आणि तिथूनच अंतरा उचलला, आणि त्यानंतर दहा-बारा मिनिटं त्या ज्या गायल्या त्याबद्दल जबलपुरातली जुनी माणसं अजून बोलतात. ताईनं हेडफोन पुन्हा लावला. तिचे हात मांडीवर होते आणि ते अजिबात थरथरत नव्हते.

चार दिवसांनी आम्ही डेक बाईंकडे नेला. त्यांनी स्वतःचा आवाज जन्मात असा बाहेरून ऐकला नव्हता. हेडफोन त्यांच्या अंबाड्यावर बसेना, म्हणून मी तो हातानं धरून उभी राहिले. त्या भिंतीकडे तोंड करून ऐकत होत्या. मधे एकदा नुसतं "म्हातारी आहे गं" म्हणाल्या. त्या जागेशी आल्यावर ताईनं टेप थांबवली. तिनं मला आधीच विचारून ठेवलं होतं की एवढी ओळ काढता येते का, आणि मी पिल्लैजींना विचारून हो सांगितलं होतं. दुसऱ्या कॅसेटवर उतरवताना तेवढं वगळायचं, ठेक्यावर ठेका जोडायचा, कोणाला कळणारही नाही. ताई म्हणाली, "हे काढून टाकते, बाई."

"काहून?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या हातातून हेडफोन घेतला आणि खाली ठेवला. "मी विसरली ते काढशील तर तू सांगितलं तेही जाईल. राहू दे. जे झालं ते झालं."

बाई त्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांना नर्मदेच्या ग्वारीघाटावर नेलं. ताई घाटापर्यंत गेली, बायका जात नसत तरी गेली, आणि बाबांनी तिला अडवलं नाही. पुढे मंडळासाठी आम्ही बैठकीच्या कॅसेटी काढल्या, पूर्ण, त्या ओळीसकट. देशकर वकिलांनी पहिली ऐकली आणि पायी चालत आमच्याकडे आले; खुर्चीवर बसले, चहा घेतला, माइकचं त्यांनी काही काढलं नाही. उठताना एवढंच म्हणाले की तबल्याच्या शाईवरचं बोटही वेगळं ऐकू येतं. मग जरा अडखळून त्यांनी विचारलं की ते मधेच मागून कोणीतरी गातं, ते ठेवायचंच का? बाईंनीच ठेवायला सांगितलं, असं ताई म्हणाली. कोण आहे ते त्यांना माहीत होतं, ते तिथेच तर होते, पण "कोणीतरी" म्हटल्यावर ताईनं ते दुरुस्त केलं नाही. आणि तेव्हापासून ते तसंच पडलं. घरोघरी ती कॅसेट वाजायची तेव्हा लोक म्हणायचे, इथे बाईंना मागून कोणीतरी सांगतं. ताई समोर असली तरी म्हणायचे. ती ऐकून घ्यायची.

लोक मला आजही विचारतात, नातवंडांच्या वयाची मुलं विचारतात, की बैठक रेकॉर्ड करायला स्वस्तात कोणता माइक घ्यावा. आता खूप चांगले मिळतात, तळहातावर मावतात, मी नावं सांगते. जोडीचे घेतलेत तर आधी दोन्ही एकाच तंबोऱ्यासमोर ऐका, एवढं मात्र प्रत्येकाला सांगते. मग म्हणतात, तुमच्या वेळी काय वापरलं, आणि मी पंपाच्या नळीचं सांगितलं की हसतात. हसू देत. माझा उजवा कान तीन वर्षांपूर्वी गेला. कोण कुठे बसलंय ते आता मला कळत नाही, सगळे एकाच जागेवरून बोलतात.

बाई गेल्यावर दीडेक वर्षानं एक मुलगी आमचा जिना चढून आली. अर्चना नाव, महाराजपूरकडून सायकलवर यायची, घरी हिंदी बोलणारी. वडिलांनी कुठेतरी ती कॅसेट ऐकली होती आणि हे शिकवणारं कोणी आहे का म्हणून विचारत विचारत ती आमच्या दारापर्यंत पोचली होती. ताईनं तिला सरळ सांगितलं की मला गाता येत नाही. मुलगी म्हणाली, पता है. तरी ती बसली. आई आतून चहा घेऊन आली. मी नोकरीवर जायच्या गडबडीत होते, पण चपला घालायची थांबले, कारण ताईनं डेकवरचं आणि पुढे घेतलेल्या दोन स्पीकरांवरचं कापड काढलं होतं आणि ती तिसरी बंदिश लावत होती. मुलगी गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून ऐकत होती. स्थायी झाली, बाई थांबल्या, ठेका चालू राहिला. मग डाव्या बाजूनं ती ओळ आली. मुलीनं डोळे उघडले आणि खरंच डावीकडे मान वळवली, जणू तिथे कोणी बसलं असावं.

"ये कौन हैं, दीदी?"

आई चहाची बशी हातात घेऊन तशीच उभी राहिली. ताईनं टेप थांबवली. खाली चक्की सुरू व्हायला अजून थोडा वेळ होता, आणि घरात इतकी शांतता होती की डेकचं चाक थांबल्याचं मला ऐकू आलं.

"मैं," ताई म्हणाली.

ताईनं टेप थोडी मागे घेतली, तंबोरा ओढून मुलीच्या मांडीवर दिला, तिची बोटं धरून तारांवर ठेवली आणि त्या घोगऱ्या आवाजात, मोठ्यानं, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "फिर से सुनो। पहले उनको सुनना, फिर मुझको।"